एक पायरी वर

व्हिएन्ना शहरात माणसाला नाव आईबाप देतात आणि पदवी दरवान देतो. पदव्या सरकारही देते. पण सरकारला कागद लागतात, शिक्के लागतात आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. रिंग रस्त्यावरच्या होटेल त्रावेनबर्गचे थोरले दरवान आलोइस कोट्रबा यांना मोटारीचे दार उघडल्यापासून पाहुण्याचा पाय पहिल्या पायरीवर पडेपर्यंत जेवढा अवधी मिळे, तेवढा पुरत असे. एक्केचाळीस वर्षे त्यांनी हे काम केले. त्यांच्या हातून निर्माण झालेल्या डॉक्टरांची संख्या विद्यापीठाने मनाला लावून घ्यावी एवढी होती.

या कामाचा नियम त्यांना त्यांच्या गुरूंनी, म्हाताऱ्या वोंद्रुश्कांनी, पहिल्याच हिवाळ्यात सांगितला होता. माणूस जिथे उभा असेल तिथून त्याला एक पायरी वर चढवायचे. दोन नाही, दोन पायऱ्यांनी माणूस तोल जाऊन पडतो. चष्मा असेल तर डॉक्टर. डॉक्टर असेल तर प्रोफेसर. प्रोफेसर असेल, किंवा प्रोफेसर होऊन दोन-चार वर्षे झाली असतील, तर होफराट. होफराट म्हणजे राजदरबाराचा सल्लागार. दरबार बुडाल्याला शंभर वर्षे होऊन गेली, सल्लागार मात्र अजून नेमले जातात. आणि सल्ला ऐकायला दरबारच नसल्यामुळे चुकीचा सल्ला दिलेला होफराट आजवर सापडलेला नाही. बॅरन ही पदवी तर कायद्यानेच बंद आहे, म्हणून ती कोट्रबा किंचित खालच्या पट्टीत उच्चारत.

उच्चारावर त्यांचा फार भर असे. ‘वेळ सांगावी तशी पदवी सांगायची,’ असे ते आपल्या हाताखालच्या द्रागान यांकोविचला शिकवत. ‘साडेचार वाजलेत, होफराटसाहेब. पाऊस आहे, होफराटसाहेब. त्यात नवल वाटता कामा नये. आणि म्हणताना कागदाकडे बघायचं नाही. कागदाकडे बघितलंस की समोरचाही बघतो.’

गंमत अशी की या पदव्यांवर कोणाचाच विश्वास नसे. देणाऱ्याचा नसे, घेणाऱ्याचा नसे, शेजारी उभा राहून ऐकणाऱ्याचा तर नसेच. तरीही कोणी हसत नसे, कारण जो हसला असता त्याला स्वतःची पदवी परत करावी लागली असती.

योहान हाव्लिक यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासत. पस्तीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, म्हणजे संत लेओपोल्डच्या सणाला, ते काकाचा हिरवा लोकरी कोट अंगात घालून त्रावेनबर्गमध्ये कॉफी प्यायला आले. कोट चांगला होता. कोट्रबांनी त्यांना डॉक्टर केले. माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा आला, आणि या वेळी एक रात्र मुक्कामाला. प्रोफेसर झाला. पाचव्या वर्षी तो होफराट होता. तेव्हापासून हाव्लिक वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तळघरांत उतरून मीटरचे आकडे वाचत आणि एक दिवस होफराट असत. आणि त्या एका दिवसाच्या जोरावर उरलेल्या दिवसांत त्यांची पाठ इतकी ताठ राहू लागली की खात्याने त्यांना उपनिरीक्षक केले.

कोट्रबांना स्वतःला कोणतीही पदवी नव्हती. दाता आपल्याच हाताने आपल्या ताटात वाढून घेत नाही. त्यांची पत्नी हर्मिने हिला मात्र ही उणीव बोचे. या शहरात नवऱ्याची पदवी बायकोला आपोआप लागते, आणि फावोरिटेन वस्तीतला पाववाला तिला ‘थोरल्या दरवानीणबाई’ म्हणे. ते वाईट नव्हते. पण तिची बहीण गिझेला दातांच्या डॉक्टरशी लग्न करून, आयुष्यात स्वतःच्या तोंडाखेरीज एकही तोंड न उघडता, डॉक्टरीणबाई झाली होती.

कोट्रबा निवृत्त झाले त्याच वर्षी वसंतात होटेलचे मालक बदलले. नव्या मालकांची तेवीस देशांत होटेले होती आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ द्यावे की काय द्यावे याचा त्यांचा नियम लिखित होता: एका रात्रीचा मुक्काम, दोन माणसे, रस्त्याकडची खोली, रात्रीचे जेवण आणि न्याहारीसह. तारीख कोट्रबांनी निवडायची होती. त्यांनी संत लेओपोल्डचा दिवस निवडला.

‘तोच का?’ हर्मिनेने विचारले.

‘त्या दिवशी जुनी मंडळी येतात.’

‘म्हणजे बघायला कोणीतरी हवं.’

‘मला नको. तुझ्या टोपीला हवं. तीन आठवडे दुकानं पालथी घालून आणलीस ती कशाला?’

खरा प्रश्न दोघांनीही उच्चारला नाही. दारात द्रागान काय म्हणणार? नियमाने पाहिले तर थोरल्या दरवानाच्या वरची पायरी डायरेक्टर. पण एक्केचाळीस वर्षांच्या सेवेला काही जास्तीचे नको का? विचारणे तर शक्यच नव्हते. मागून घेतलेली पदवी ही स्वतःच्या अंत्ययात्रेला स्वतःच फुले मागवण्यासारखी. आदल्या रात्री हर्मिने अंधारात म्हणाली, ‘त्याला तू शिकवलंयस ना नीट?’ आणि कोट्रबा म्हणाले, ‘झोप आता.’

पंधरा तारखेला दुपारी ते ट्रामने आले. सात थांबे. शेवटच्या थांब्यावर उतरून पन्नास पावलांसाठी त्यांनी टॅक्सी केली, कारण ट्राममधून उतरणाऱ्याला त्रावेनबर्गच्या दारात कोणी काही म्हणत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? टॅक्सीवाला काहीबाही पुटपुटला. द्रागानने दार उघडले. त्याच्या अंगावर कोट्रबांचाच जुना कोट होता, बाह्या दोन बोटे वाढवून घेतलेला. क्षणभर तो गुरूकडे पाहत राहिला.

‘प्रवास बरा झाला ना, होफराटसाहेब?’ तो म्हणाला, अगदी वेळ सांगावी तसा. ‘होफराटीणबाई, पायरी ओली आहे, जपून.’

हर्मिने त्या ओल्या पायरीवर जी थांबली ती हलेना. मागे आणखी एक मोटार येऊन उभी राहिली.

‘चल ना आत,’ कोट्रबा कुजबुजले.

‘थांब. त्याला परत एकदा म्हणू दे.’

आत नोंदणीच्या टेबलाशी फ्राउ लेन्के, म्हणजे लेन्केबाई, होती. कोट्रबा निवृत्त झाल्यावर नव्या मालकांनी तिला हॅम्बुर्गहून आणले होते, त्यामुळे ती त्यांना ओळखत नव्हती. ती हुशार, नीटनेटकी आणि प्रामाणिक होती, आणि व्हिएन्नात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असणे हा गैरसमजाचा भक्कम पाया आहे. ‘होफराटसाहेबांचं सामान दोनशे चौदामध्ये,’ हे द्रागानचे शब्द तिने ऐकले आणि त्यांवर विश्वास ठेवला. या इमारतीत असे यापूर्वी कधी घडले नव्हते. तिने यंत्रातला पदवीचा रकाना उघडला, त्यात ‘होफराट’ असे भरले, आणि किल्लीच्या पाकिटावर तसे छापून दिले.

कोट्रबांनी ते पाकीट हातात घेतले. आजवर त्यांनी शेकडो होफराट केले, पण छापील एकही नव्हता.

मग ती दोघे दिवाणखान्यात बसली. कोट्रबा नेहमी जिच्यावरची धूळ नजरेने तपासत, त्या खिडकीजवळच्या लाल खुर्चीत. चांदीच्या तबकात कॉफी आली, पाण्याचा पेला, वर पालथा चमचा. वाढप्या ओळखीचा होता, तरी वाकून म्हणाला, ‘आणखी काही, होफराटसाहेब?’ कोट्रबांना जाणवले की बसल्या जागेवरून हे दालन निराळेच दिसते. दारात कोण आले ते दिसत नाही. कोणाच्या छत्रीतून पाणी ठिबकते आहे ते कळत नाही. होफराट लोक इतकी वर्षे एवढे निर्धास्त का दिसत होते, ते त्यांना आता समजले: त्यांना काही दिसतच नव्हते.

‘गिझेलाला फोन करू?’ हर्मिने म्हणाली.

‘काय सांगणार?’

‘काही नाही. होटेलात फोन लावून मला बोलवायला सांगते. होफराटीणबाईंना बोलवू का म्हणून विचारतील ना तिला, तेव्हा कळेल.’

फोन करायचा राहिला, कारण तेवढ्यात योहान हाव्लिक आले. हिरवा कोट आता कोपरांशी विरला होता. आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ते एकटे नव्हते. बरोबर ग्राट्स शहरच्या एका नोटरीच्या विधवा होत्या, फ्राउ नोटरी त्सान्कल. उंच, करड्या फरची कॉलर, हातमोजे सावकाश काढणाऱ्या. दोघे नाताळानंतर लग्न करणार होते. ही बातमी सगळ्या दालनाला लगेच कळली, कारण हाव्लिक कानाने जरा अधू होते आणि बाई त्यांच्याशी मोठ्याने बोलत. आणखी एक गोष्टही त्यावरून कळली. नोटरीणबाई एक पायरी खाली उतरून कोणाची नुसती बायको व्हायला तयार नव्हत्या. ‘होफराटीणबाई म्हणून माझं पहिलं पत्र याच होटेलच्या कागदावर लिहीन म्हणते,’ असे त्या म्हणाल्या.

द्रागान नेमका एका आजारी पाहुण्याला खोलीपर्यंत पोचवायला वर गेला होता. दारात कोणीच काही म्हणाले नाही. हाव्लिक पदवीविना थेट टेबलापाशी पोचले.

‘ओळखपत्र, हेर हाव्लिक,’ फ्राउ लेन्के म्हणाली. हेर, म्हणजे नुसतेच श्रीयुत.

नोटरीणबाईंचा दुसरा हातमोजा अर्ध्यावरच राहिला.

‘होफराट हाव्लिक,’ हाव्लिक म्हणाले.

‘माफ करा. ओळखपत्रावर पदवी नाही. कागदाशिवाय मला ती भरता येणार नाही. आपल्याकडे नेमणुकीचं पत्र असेल तर…’

‘पत्र,’ नोटरीणबाई म्हणाल्या. नोटरीच्या घरात अठ्ठावीस वर्षे काढलेल्या स्त्रीच्या तोंडी तो शब्द वेगळाच वाजला. ‘योहान, पत्र असेलच की.’

हाव्लिकांच्या ताठ पाठीत कुठेतरी एक मीटर उलटा फिरू लागला. त्यांनी दालनभर नजर टाकली आणि खिडकीपाशी त्यांना कोट्रबा दिसले.

‘ते बघा, आमचे दरवान,’ ते म्हणाले, बुडत्याने ओंडक्याकडे पाहून म्हणावे तसे. ‘पस्तीस वर्षं ओळखतात मला. कोट्रबा, सांगा हो यांना.’

फ्राउ लेन्केने यंत्राच्या पडद्याकडे पाहिले, मग कोट्रबांकडे. ‘यांची काहीतरी गफलत होते आहे. ते होफराट कोट्रबा आहेत.’

आता सगळे कोट्रबांकडे पाहत होते. त्यांना बसून राहता आले असते. एका होफराटाने दुसऱ्याला ओळखू नये, ही तर त्या पदवीची रीतच आहे. त्यांनी नुसती भुवई उंचावली असती, तरी पाकिटावरचे छापील अक्षर, टोपी, उद्याची न्याहारी, गिझेलाचा फोन, सारे शाबूत राहिले असते, आणि एक म्हातारा मीटरवाला नोटरीणबाईंना ग्राट्सच्या गाडीत बसवून, लग्नाविना एकटाच घरी गेला असता. पण होफराटाच्या शब्दाने कोणी होफराट होत नाही. ते काम फक्त दरवानाला येते, आणि तेही उभे राहून.

त्यांनी हर्मिनेकडे पाहिले. तिला सगळे कळले होते. या शहरातल्या बायकांना नवऱ्याची पदवी जाताना आधी कळते.

‘कॉफी निवेल,’ ती म्हणाली.

‘निवू दे.’

ते उठले. दालन ओलांडताना त्यांची पावले आपोआप जुनी झाली. त्यांनी हाव्लिकांच्या हातातली बॅग घेतली, कोटावरचा एक थेंब झटकला, आणि लेन्केकडे, पडद्याकडे, कोणत्याही कागदाकडे न बघता म्हणाले, ‘उशीर झाला यंदा, होफराटसाहेब. आपली तिसऱ्या मजल्यावरची खोली गरम करून ठेवलीये. होफराटीणबाईंना अंगणाकडची बाजू चालेल ना? तिकडे शांत असतं.’

नोटरीणबाईंनी दुसरा हातमोजा पूर्ण काढला. दरवानाने सांगितले होते. यावर पत्र मागणे म्हणजे आपण व्हिएन्नाच्या नव्हे, ग्राट्सच्या आहोत हे जगजाहीर करणे.

‘पण मग आपण?’ फ्राउ लेन्केने कोट्रबांना विचारले. तिला खरोखरच रकाना बरोबर भरायचा होता.

‘मी दरवान. खोडा तिथलं.’

तिने खोडले. यंत्राने विचारले, नक्की? तिने होय म्हटले.

खिडकीजवळ हर्मिने एकटी बसली होती. नोटरीणबाई तिच्या समोरून जाताना किंचित थांबल्या, कारण टोपी खरोखरच चांगली होती. ‘आणि आपण?’ त्यांनी विचारले.

हर्मिनेने त्यांच्याकडे, मग त्यांच्या करड्या कॉलरकडे पाहिले, आणि नवऱ्याची रिकामी खुर्ची हाताने पुढे ओढली. ‘मी थोरली दरवानीण,’ ती म्हणाली. ‘बसा, होफराटीणबाई. दमला असाल. अहो, इकडे होफराटीणबाईंना कॉफी आणा.’ वाढप्या धावला. आयुष्यात प्रथमच हर्मिनेने कोणालातरी पदवी दिली होती, आणि रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, ‘घेण्यापेक्षा हे बरं रे. घेतलेली टिकते की नाही याचीच काळजी. गिझेलाला पुढल्या खेपेला प्रोफेसरीणबाई म्हणते. नवऱ्याचा जीव घेईल ती.’

सकाळी न्याहारीनंतर ती दोघे किल्ली द्यायला टेबलापाशी आली. फ्राउ लेन्केच्या डोळ्यांवरून ती रात्री फारशी झोपली नसावी असे दिसत होते. तिने किल्ली घेतली, पडद्याकडे पाहिले, काहीतरी मनाशी ठरवले, आणि लाल होत म्हणाली, ‘पुन्हा या हं, डायरेक्टरसाहेब.’

एक पायरी. नियमाप्रमाणे, मोजून एकच.

हर्मिनेने कोट्रबांचा दंड घट्ट पकडला. कोट्रबा मात्र टेबलावर झुकले आणि खालच्या पट्टीत म्हणाले, ‘आवाज छान आहे. फक्त म्हणताना कागदाकडे बघू नका.’