न तोडलेल्या झाडांचे साक्षीदार

बाजाराच्या दिवशी मी वडशाला माहेरी होते. धानाच्या बंड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला फडे, म्हणजे झाडू, विकायला बसलेली माझ्या सासरकडची एक बाई मला पाहून म्हणाली, "बाई, तुमाले समजलं नाई का जी? सोमारीबाई गेली." मी तिथेच धुळीत बसले. मग माझी जुनी खोड उफाळून आली. कधी गेली, कशाने गेली, जवळ कोण होतं, शेवटी काही बोलली का... मी विचारतच सुटले. ती बिचारी वैतागली. "मेली तं मेली. आता मले काऊन एवढं पुसून राह्यल्या?" तिला काय सांगणार? विचारणं हीच आमच्या मैत्रीची रीत होती. मी विचारायची, सोमारीबाई उत्तर द्यायची आणि त्या उत्तरातून आणखी दोन प्रश्न निघायचे. आता ते कोणाकडे न्यायचे, या विचाराने मला भर बाजारात रडू फुटलं.

गडचिरोलीच्या पुढे, जंगलाला लागून माझं सासर. आम्ही कुणबी, धानाची शेती. आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला गोंडांचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती. तिथली ही सोमारीबाई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी आमच्या अंगणात माणसांचा घोळका आला. मधोमध आमचे हे, मान खाली घालून, आणि यांची कुऱ्हाड दुसऱ्याच कोणाच्या खांद्यावर. पुढे एक उंच, काटक, विधवा बाई, तीच सोमारीबाई. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या मान्सानं वरच्या डोंगरावरचा साग पाडला. एक बकरा अन् पायलीभर तांदूळ द्या." सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "डोंगर का तुझ्या बापाचा हाये व?" सोमारीबाई म्हणाली, "बापाचा असता तं तोडला असता." मी दाराआड उभी होते. मला हसू आवरेना.

बकरा द्यावा लागला. तो त्यांच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक मांडवात, शिजला. त्यांची रीत अशी की ज्याने दंड भरला त्यालाच पहिली पत्रावळ वाढायची. दंड खाऊन झाला की विषय संपला, मग त्याला कोणी टोमणासुद्धा मारायचा नाही. त्यांच्यात जेवायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. हे निमूट गेले, पोटभर जेवले आणि घरी येऊन "बकरा आपलाच व्हता" म्हणाले! मला मात्र चैन पडेना. एक झाड गेल्याचं एवढं काय? मी सोमारीबाईला गाठलं. तिने मला डोंगराच्या पायथ्याशी नेलं, चपला काढायला लावल्या आणि तिथूनच वर दाखवलं. साग, बीजा, मोह, जुनी जाडजूड झाडं आणि त्यांच्या पोटात कुठेतरी आमच्या नाल्याचा झरा. त्या डोंगरावर कुऱ्हाड न्यायची नाही, गुरं न्यायची नाहीत, पडलेली काडीसुद्धा उचलायची नाही, असा टोल्याचा नियम. मी विचारलं, "मग तुम्हाला त्याचं मिळतं काय?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "उन्हाळाभर तू पेतेस ते कुठून येते व?"

पुढे जमीनदारी गेली आणि जंगल सरकारचं झालं. गावोगाव चौकशीचे साहेब फिरू लागले. त्यांना प्रत्येक गावाचा निस्तार लिहून घ्यायचा होता, म्हणजे घराला लाकूड, कुंपणाला काटे, गुरांना चराई हे कोणतं गाव कुठल्या जंगलातून आणतं ते. आमच्या गावाने काय केलं असेल? चारी दिशांना बोटं दाखवली आणि मोकळं झालं! टोल्यातली माणसं मात्र जे होतं तेच बोलली. इथून बांबू, तिथून जळण, त्या माळावर गुरं. साहेबांनी विचारलं, "आणि या डोंगरावरून?" "काई नाई जी." साहेबांनी पुन्हा विचारलं, तर सगळे एका आवाजात, मोठ्या अभिमानाने, "काईच नाई!" साहेबांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी डोंगरावर कोणाचाच निस्तार नाही असं लिहिलं. जे जंगल या लोकांनी जिवापाड राखलं, तेच कागदावर बेवारस झालं. हिवाळा लागला तशी ठेकेदाराची माणसं हातोडे घेऊन आली आणि बुंध्याबुंध्यावर तोडीचे ठसे उमटू लागले. झाडं गेली की झरा आटणार, आणि झरा आटला की टोल्याला उन्हाळ्यात गाव सोडावं लागणार, हे सांगायला कोणी पंडित लागत नव्हता. आमच्याही विहिरी त्याच नाल्यावर.

टोल्यात बैठक बसली. पाणी आमचंही, म्हणून आम्हाला बोलावणं आलं. मी यांच्या मागे लागून गेलेच. आमच्याकडे पाटील बोलले की संपलं. इथे तसं नव्हतं. पुरुष पुढे, बायका मागे, पण मागून आलेलं "नाई" पुढच्याएवढंच मोजायचे आणि सगळ्यांचं "हो" आल्याशिवाय काही ठरायचं नाही. तरुण पोरांनी तोड काढली होती. साहेब तक्रारी ऐकायला परत येणार आहेत, तोवर डोंगरावर थोडी झाडं पाडू, बंडीची वाट पाडू, गुरं सोडू, म्हणजे आमचाही वापर आहे हे दिसेल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खरं सांगते. मागून सोमारीबाई म्हणाली, "माझं नाई हाये." झालं, बैठक अडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, पुन्हा अडली. तिचा स्वतःचा मुलगा संतापला. "ठेकेदार झाडं पाडाले आला अन् हे बुढी नाई म्हणून राह्यली!" एवढ्या माणसांच्या रागासमोर ही एकटी बसते कशी, याचं मला फार कुतूहल वाटलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "पहिलं झाड आमीच पाडलं का मंग दुसऱ्याले अडवाचं तोंड कुठी राह्यलं? अन् डोंगर आमी राखतो हे आमी सांगून सायेब मानत नाई. ज्याइले आमी घेऊ देलं नाई, त्याइले सांगू दे."

पुढची बैठक तिच्या या बोलण्यावर बसली आणि तिथे सगळ्यांचं "हो" आलं. मग सोमारीबाई निघाली, दंड भरलेल्या एकेका माणसाच्या दारी. पहिलं दार आमचंच. सासूबाई उखडल्या. "आमच्या पोरानं सायबापुढं चोरी कबूल कराची? नाकेदार त्याले सोडन का?" त्यांचं काही चुकत नव्हतं. नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला होता. सोमारीबाईने आग्रह केला नाही, गूळ घातलेला चहासुद्धा घेतला नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, तुमचं नाई असन तं तेबी सांगून द्या. मी रुसनार नाई." ती गेल्यावर हे ओसरीवरच बसले, जेवायलाही आत आले नाहीत.

साहेब आले त्या दिवशी गोटुलासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे हे उठले. "सायेब, मी या डोंगरावर साग तोडला. या लोकाइनं मले धरलं अन् दंड घेतला." साहेब म्हणाले, "हे कबूल केलंत तर तुमच्यावर केस होऊ शकते, माहीत आहे?" "माहीत हाये जी. पन बकरा तं देऊन बसलो." साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. मग दुसऱ्या गावचा एक उठला, मग तिसरा. एक म्हातारा तर साक्षीला आला होता की भांडायला, कोण जाणे. "माझा बोकड याच्या बकऱ्याहून मोठा व्हता जी, अन् मी तं नुसते बांबू तोडले व्हते! हा काय न्याय हाये?" सगळं गोटुल हसलं. पण साहेब हसले नाहीत, त्यांनी म्हाताऱ्याचा बोकडसुद्धा कागदावर लिहून घेतला. मग उठून म्हणाले, "चला, डोंगर दाखवा." पायथ्याशी सोमारीबाईने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. साहेबांनी बूट काढले.

हुकूम आला तो अर्धाच. झऱ्याकडचा वरचा भाग टोल्याला राखून मिळाला, खालचा उतार ठेकेदाराकडे गेला. लोक नाचले. सोमारीबाई घरात जाऊन रडली, मी पाहिलं आहे. आणि नाकेदाराने घ्यायचा तो सूड घेतलाच. पाऊस लागेपर्यंत यांना नाक्यावर फुकट राबवून घेतलं. त्या वर्षी रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, टोल्यातल्या सगळ्या बायका न बोलावता आमच्या बांधीत, म्हणजे शेतात, उतरल्या, पुढे सोमारीबाई. सासूबाई बांधावर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि घरून सगळ्यांसाठी भाकरी घेऊन आल्या. त्यानंतर आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं, नाकेदार तोच राहिला.

सोमारीबाईची बातमी कळल्यावर मी वडशाहून परतले आणि आम्ही दोघं टोल्यावर गेलो. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. मुलाने नाल्यातून चांगला उंच, काळा दगड काढून आणला होता, पण तो गोटुलासमोर आडवाच पडलेला. दगड आईच्या झऱ्यापाशीच उभा करायचा, असं त्याच्या मनात आहे. तिथवर ओढून न्यायचा तर वाटेतली थोडी रोपटी तोडावी लागतील. आईसाठीच तर तोडायची, म्हणून सगळे "हो" म्हणाले. फक्त त्याच्या बायकोने, सोमारीबाईच्या सुनेने, "नाई" म्हटलं. "खांद्यावर न्या," ती म्हणाली, "नाई जमत तं राहू द्या." मुलगा आमच्यासमोर कपाळावर हात मारून घेत होता. "माझ्याच आईचा दगड, अन् माझ्याच बायकोचं नाई! काय करू जी?" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

आम्ही निघालो तेव्हा माणसं पुन्हा जमत होती. गोटुलाच्या मागच्या अंगाला एक खांब आहे, त्याला टेकून सोमारीबाई बसायची. ती गेल्यापासून ती जागा कोणी घेतली नव्हती. सून आली, लेकराला मांडीवर घेतलं आणि त्या खांबाला टेकून बसली. तिला तिथून ऊठ असं कोणीच म्हटलं नाही.