माशांसाठी गोडं पाणी

काचेच्या टाकीत मासे पाळायचे तर काय काय लागतं, हे मला आजही कुणी विचारलं तर मी झोपेतूनसुद्धा सांगेन. लोखंडी सांगाडा, जाड काच, ती चिकटवायची लांबी, वाळू, हवेची सोय, झाकण. आणि पाणी. पाणी मी शेवटी सांगतो, कारण त्याच्यावरून मी अजून चिडतो.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. अमरावतीला बी.एस्सी. होऊन मी अकोल्यापासून मोटारीने तासाभरावरच्या एका गावात, खासगी शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो. गाव खारपाणपट्ट्यातलं. कुठेही विहीर खणा, पाणी खारट. साबणाला फेस यायचा नाही आणि तुरीची डाळ दोन तास उकळली तरी शिजायची नाही. गोडं पाणी एकाच विहिरीला होतं, आणि ती होती शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यात. शाळेचा शिपाई तिथून बैलगाडीवर पिंप भरून आणायचा आणि मास्तरांच्या खोलीतला रांजण भरायचा.

त्या रांजणातून बाकीचे मास्तर आपापल्या हाताने पाणी घेत. मला मात्र शिपाई वरून ओतून द्यायचा. पहिल्याच दिवशी मी हेडमास्तरांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, तुम्ही नवीन आहात, तुम्हाला कशाला त्रास. इतक्या प्रेमाने म्हणाले की भांडायला जागाच ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत पाणी प्यायचं बंद केलं आणि आमच्या वस्तीतल्या विहिरीचं खारं पाणी बाटलीत भरून नेऊ लागलो. यापलीकडे काही बोललो नाही, कारण नोकरी वर्षाच्या बोलीवर होती. एप्रिलमध्ये शिक्षणखात्याचे तपासनीस येणार होते. त्यांनी चांगला शेरा दिला की जूनपासून कायम, नाहीतर घरी. आमच्या अख्ख्या घराण्यात महिन्याचा पगार आणणारा मी पहिला होतो, आणि गावी आईवडील त्या पगाराकडे डोळे लावून बसलेले होते. म्हणून मी दातओठ खाऊन गप्प राहिलो.

जानेवारीत हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. तपासनीस साहेबांना मत्स्यालयाचा फार शौक आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. विज्ञानाच्या खोलीत तसं एक करा, साहेब खूश झाले तर तुमचंच भलं, असं ते म्हणाले.

मी अमरावती गाठली. कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक घेणारे आमचे सर स्वतः मासे पाळायचे. दोन दिवस ते माझ्यासोबत फिरले आणि एकही वस्तू त्यांनी मला पहिल्या दुकानात घेऊ दिली नाही. काच उन्हाकडे धरून पाहायची, आत बुडबुडा दिसला तर ठेवून द्यायची. लोखंडाचा सांगाडा गुळगुळीत फरशीवर ठेवून हलवायचा, एक कोपरा जरी वाजला तरी लोहाराला परत करायचा. काच बसवायची लांबी बाजारची नको म्हणाले. खडूची भुकटी, शेंदूर आणि जवसाचं तेल घेऊन आम्ही ती त्यांच्या ओसरीवर मळली. शेंदूर विषारी असतो, तेव्हा टाकी आठ दिवस भरून ठेव, ते पाणी फेकून दे आणि मग पुन्हा भर, असं त्यांनी तीनदा बजावलं. वाळूवर आम्ही ॲसिडचे थेंब टाकले. फसफसली ती चुन्याची, म्हणून टाकून दिली. हवेचा विजेचा पंप मुंबईहून मागवावा लागला असता. त्याऐवजी सरांनी मोटारीची जुनी ट्यूब घ्यायला लावली. तिच्यात हवा भरायची, रबरी नळीला चिमटा लावायचा, की दिवसभर टाकीत बारीक बुडबुडे येतात. माझ्याजवळच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं की या माशांना पाणी तापवायचं यंत्र अवश्य हवं. सर हसले. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाणी गार कसं ठेवायचं ते बघ, टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळ, म्हणाले.

शेवटी त्यांनी आपल्या टाकीतले चार एंजल मासे बरणीत घालून दिले. चपटे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले. "सगळं इथून नेशील," ते म्हणाले, "पण पाणी कुठून नेशील? खाऱ्या पाण्यात हे आठवडाभरही काढणार नाहीत." सोबत त्यांनी सिल्व्हर नायट्रेटची एक छोटी काळपट बाटली दिली. पाण्यात त्याचे दोन थेंब टाकायचे. पाणी खारं असेल तर दुधासारखं पांढरं होतं.

गोड्या पाण्याची सोय हेडमास्तरांनी एका शब्दात लावून दिली. अध्यक्षांनाही टाकीचं कौतुक होतं. रांजणाबरोबर शिपाई रोज दोन बादल्या टाकीसाठीही आणू लागला. मार्चपर्यंत मासे मजेत होते. वर्गात शिकवताना मी त्यांच्याकडे पाहायचो आणि पिशवीतली खाऱ्या पाण्याची बाटली तोंडाला लावायचो. राग यायचा, पण कुणावर काढणार?

तपासणीला दोन दिवस उरले असताना सकाळी एक मासा मरून तरंगताना दिसला. बाकीचे तिघे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकले, तर पांढरंफटक. उन्हाने दोन बादल्या पुरेनाशा झाल्यावर शिपाई शाळेच्याच विहिरीचं खारं पाणी ओतत होता, आणि आता तो मेहुण्याच्या लग्नाला चांदूर बाजारला गेला होता. तीन दिवस येणार नव्हता.

मी हेडमास्तरांकडे धावलो. गाडी कुणी दुसरा जुंपेल का, म्हणून विचारलं. त्यांनी कागदावरून डोकं वर काढलं नाही. परवा मासे जिवंत दिसले पाहिजेत, तुमचं तुम्ही पाहा, एवढंच म्हणाले. जा म्हणाले नाहीत आणि जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. काही झालं असतं तर ते माझ्यावरच आलं असतं, हे मला तिथेच कळलं.

भर दुपारी सायकलला दोन बादल्या अडकवून मी मळ्यात गेलो. विहिरीजवळ अध्यक्षांच्या बाई मिरच्या वाळत घालणाऱ्या मजूर बायांवर लक्ष ठेवून उभ्या होत्या. दोन गडीही होते. मला पाहून सगळ्यांचे हात थांबले.

"काय पायजे, मास्तर?" बाईंनी विचारलं.

पाणी पाहिजे, एवढं मला म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "पाणी पाहिजे बाई. शाळेतल्या माशांसाठी."

त्यांनी माझ्या बादल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माशासाठीच हाय ना? मंग काढा. पन दोरी तिकडची घ्या." तिकडे खुंटीला एक जुनाट दोरी होती, ढोरांचं पाणी काढायची.

मी ती दोरी घेतली. चार खेपा केल्या, आठ बादल्या पाणी आणलं. घसा कोरडा पडला होता, हातातल्या बादलीत गोडं पाणी डचमळत होतं, तरी मी थेंबभर तोंडात घातलं नाही. मनाई कुणी केली नव्हती. संध्याकाळपर्यंत मासे नीट पोहू लागले आणि मी घरी गेलो.

बायकोला सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, ती माझ्या धाडसाचं कौतुक करील. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमी प्याले का तिथं?"

"नाही."

"काहून?"

ती चुलीकडे वळली आणि म्हणाली, "मंग नोकरी बी माशायलेच करू द्या."

त्या रात्री मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती.

तपासनीस साहेब आले, ते थेट विज्ञानाच्या खोलीत. सोबत अध्यक्ष आणि हेडमास्तर. साहेब खरोखरच जाणकार होते. त्यांनी वाळू चिमटीत घेऊन पाहिली, ट्यूबची युक्ती पाहून हसले, आणि मग विचारलं, की या खाऱ्या मुलखात एंजल जगवले कसे? मी दोन परीक्षानळ्यांत थेंब टाकून दाखवले. शाळेच्या विहिरीचं पाणी पांढरं झालं, टाकीतलं जवळजवळ नितळ राहिलं.

"हे गोडं पाणी कुठलं?" साहेबांनी खिशातून पेन काढत विचारलं.

हेडमास्तर घाईने म्हणाले, की अध्यक्षसाहेबांच्या विहिरीचं, शिपाई आणतो. साहेब लिहू लागले. मी गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचा चेहरा येत होता. तरी मी बोललो, "शिपाई रजेवर आहे, साहेब. हे पाणी मी काढलं. माझ्या हाताने."

साहेबांनी पेन थांबवून अध्यक्षांकडे पाहिलं. सरकारी माणसासमोर अध्यक्ष काय बोलणार? ते हसले आणि म्हणाले, की काढावंच, आपल्या विहिरीवर कुणाला मनाई नाही.

"मग उद्यापासून घरचं प्यायचं पाणीही तिथूनच नेतो," मी म्हणालो.

"न्या की," अध्यक्ष म्हणाले. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत होते. साहेबांनी काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घागर घेऊन निघाली. मी सोबत गेलो. अध्यक्षांच्या बाई विहिरीवरच होत्या.

"आज बी माशासाठी का?"

"नाई," माझी बायको म्हणाली. "आमाले प्याले पायजे."

तिनं जुन्या दोरीकडे पाहिलंही नाही. रहाटावरची दोरी धरली, बादली सोडली, वर ओढली आणि तिथंच उभं राहून ओंजळीने पाणी प्यायली. मग बादली माझ्यापुढे केली. मी प्यायलो. बाई घरात निघून गेल्या. त्या दिवसापासून बायको रोज जाऊ लागली.

जूनमध्ये पत्र आलं, दोन ओळींचं. माझी जागा पुढे चालू ठेवायची नाही असं संस्थेने ठरवलं होतं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. गावी वडिलांना काय सांगायचं, या एकाच विचाराने माझं डोकं फिरून गेलं होतं. तिन्ही मासे सरांनी मला दिलेले होते, शाळेचे नव्हतेच. जायच्या दिवशी ते बरणीत घालून मी सामानावर बसलो आणि अमरावतीच्या मोटारीची वाट पाहू लागलो. बायकोचा पत्ता नव्हता. निघायच्या दिवशीही ती घागर घेऊन विहिरीवर गेली होती. हिला आता पाणी कशाला पाहिजे, मोटार चुकवणार ही, म्हणून मी एकटाच चडफडत होतो. तेवढ्यात मळ्याच्या वाटेवर ती दिसली. तिच्यामागून वस्तीतल्या चार बायका येत होत्या, आणि चौघींच्याही डोक्यावर भरलेल्या घागरी होत्या.