गिरणीने माझा कान नेला नाही

लालबागमध्ये माझ्याविषयी जे सांगितले जाते ते चूक आहे. मागांच्या खडखडाटाने माझा डावा कान गेला, ही हकीकत संपाच्या सभांतूनही सांगितली गेली, तीही मला न विचारता. तो कान जन्मतःच बंद होता. कपाळावरची पांढरी बटही जन्माचीच. तिला लोक कापूस समजत. गिरणीच्या मागखात्यात कोणालाच काही ऐकू येत नसे. आम्ही सारे ओठ वाचून बोलत असू, त्यामुळे माझे उणे कोणाच्या लक्षात आले नाही. संपात मी घरी बसलो, तेव्हा घरच्यांना ते कळले, आणि त्यांनी दोष गिरणीला दिला; कान जन्माचाच बंद आहे हे माझे म्हणणे कोणी मानले नाही.

नात झाली तेव्हा हाच गैरसमज तिच्या मुळावर आला. तिचा एक डोळा निळा होता. घरात त्याचे कोण कौतुक! पण कुकरची शिटी झाली तरी पोर दचकेना.

"हिचे कान तपासून घ्या," मी म्हणालो.

"बाबा, तुमचा कान गिरणीत गेला. हिने कुठे पाळी भरली?" मुलगा हसला.

"उगी रवा ओ," बायको म्हणाली. "पोर झोपाळू आसा."

"झोपाळू? चांगली जागी असताना तिच्या पाठीमागे डबा आपटला मी!"

असे वर्ष गेले. अखेर सून माझ्या बाजूने उभी राहिली आणि आम्ही पोरीला परळच्या इस्पितळात नेले. दोन्ही कान जवळजवळ बंद निघाले. पुढे आमचे रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावले: एक जनुक असते, ते मुकादमासारखे इतर जनुकांना हुकूम सोडते. त्या हुकमानुसार रंगाच्या पेशी केसांत, डोळ्यांत आणि आतल्या कानात पोचतात. तेच बिघडले की कोणाची बट पांढरी होते, कोणाचा डोळा निळा, कोणाचा कान बंद. बिघाड माझ्यात, मुलात आणि नातीत एकच होता. मुलाच्या वाट्याला नुसती बट आली.

नातीला श्रवणयंत्र बसवले. ती ते ओढून काढी. मग एका दुपारी सुनेने मागून हाक मारली आणि पोर वळली. ती किती बोलू शकेल हे कोणी सांगत नाही, आणि वाया गेलेले ते वर्षही कोणी परत देणार नाही.

मुलगा मात्र आता चाळीत सांगत असतो की पहिली शंका त्यालाच आली होती. मी समोर उभा असताना सांगतो.