दोन गनमध्ये साठ किलोवॅट

दुसऱ्या टॅक्सीला गन लावली आणि पहिल्या टॅक्सीचा आकडा साठ किलोवॅटवरून थेट तीसवर आला. दुसरीलाही तीसच.

"काऊन हो शेठ, साठचं मशीन म्हणत होते ना?" रफिकभाईंनी विचारलं. "हे तं तीसच देऊन राह्यलं."

गन म्हणजे गाडीत खोचायची जाड केबल. माझ्या मलकापूरच्या चार्जिंग स्टेशनवर एकच चार्जर आहे, त्याला दोन गन. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडचे प्रवासी मलकापूरला उतरतात आणि रफिकभाईंच्या चार इलेक्ट्रिक टॅक्स्या त्यांना घाटावर पोचवतात. आज ट्रायल होती. पंचेचाळीस मिनिटांत रेल्वे येणार होती. तोवर दोन्ही गाड्या निघण्याजोग्या झाल्या, तर चारही टॅक्स्या कायमच्या माझ्याकडे. नाहीतर हायवेवरच्या दुसऱ्या पंपाकडे.

पहिल्या टॅक्सीची बॅटरी साठ टक्क्यांवर आली होती, दुसरीची दहावर. दुसरीला बुलढाणा, चिखली करून परत यायला निदान साठ टक्के हवे होते.

पंचवीस मिनिटांनी पहिली पंच्याऐंशी टक्क्यांवर पोचली. बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच वीज कमी घेते. ती आता पंधराच किलोवॅट ओढत होती. उरलेले पंधरा दुसरीला मिळायला हवे होते. ती तीस किलोवॅटवरच.

मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. आवाज चढलेलाच होता.

"एका गनची अर्धी वीज रिकामी बसून राह्यली इथं. मशीन फसवं विकलं तुम्ही मले."

"साहेब, उरलेली वीज दुसऱ्या गनकडे वळवणारा मॉड्यूल वेगळा असतो. डायनॅमिक शेअरिंग. तो तुम्ही कोटेशनमधून काढायला लावलात. तुमचा मेल आहे माझ्याकडे."

होता. मी खामगावात मोटारी वाइंड करत वर आलेला माणूस. कोटेशन आलं की आधी काय काढता येईल ते बघतो.

"मग आता काय करू?"

"एक गाडी काढा. एकच गन चालू असली की सगळी वीज तिलाच जाते."

पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर सिद्धार्थ मात्र गन काढू देईना. "शंभर होऊ द्या न शेठ. आपण डिझेलवर होतो तवापासून फुल टाकीशिवाय घाट चढलो नाही."

"तुले बुलढाण्याले जायचं आहे बे, दिल्लीले नाही."

रफिकभाई हसले आणि म्हणाले, "काढ रे सिद्धार्थ." त्यानं तोंड वाकडं करत गन काढली. दुसरीचा आकडा पन्नास किलोवॅटच्या वर गेला. रेल्वे स्टेशनात शिरली तेव्हा तिची बॅटरी त्रेसष्ट टक्क्यांवर होती.

चारही टॅक्स्या मला मिळाल्या, पण रफिकभाईंनी महिन्याभरात तो मॉड्यूल बसवण्याची अट घातली. कंपनीला गरज कळलेली होती. या वेळी त्यांनी एक रुपया सोडला नाही.

भाव पाडताना आपण नेमकं काय काढून टाकतोय, हे घेणाऱ्यानं विचारावं. आणि विकणाऱ्यानं ते न विचारताही सांगावं. हे दुसरं वाक्य मी त्या इंजिनिअरला दोनदा मेल केलं. माझा जुना मेल त्याला लगेच सापडला होता. या दोन मेलना अजून उत्तर नाही.