न ओढलेला ढोल

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोकांना वाटतं, पोरगी कॉलेजात गेली आणि तिथं इंग्रजी आरडाओरडा ऐकायची सवय लावून आली. कॉलेजात मी असलं काही ऐकलं नाही. तिथं मी अकाउंट्स शिकले, आणि बस चुकली तर मारुंजीपर्यंत कुणाकुणाच्या टेम्पोत बसून येता येतं ते शिकले. हेवी मेटल मला भेटलं ते आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर, भाडेकरणीच्या खोलीत.

मुळशी तालुक्यातलं आमचं मारुंजी हिंजवडीच्या आयटी कंपन्यांना लागून, तिथं आता घर म्हटलं की वर खोल्या आल्याच. आमच्याकडं खाली आम्ही, वर हिंजवडीत नोकरी करणारी माणसं. मागं जो जमिनीचा तुकडा राहिलाय त्यात माझे वडील मेथी-कोथिंबीर करतात. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, मीही आण्णाच म्हणते. जिन्याजवळच्या खोलीत परभणीची एक मुलगी राहायला आली. सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. सामानात गादी, कुकर आणि तबकड्या वाजवायचं एक यंत्र. आईनं ते यंत्र बघून मला हळूच विचारलं, "हिच्या घरी कुणी म्हातारं हाय का?"

तबकड्या थोड्याच होत्या, पण दर शनिवारी दुपारी कपडे धुताना ती एकच लावायची. कोपरे झिजलेलं काळं पाकीट. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या वस्तीतली चार पोरं, आमच्या जन्माच्या कितीतरी आधी त्यांनी तो अल्बम केलेला. मला पहिल्यांदा वाटलं, यंत्र बिघडलंय, तबकडी हळू फिरतेय. गिटार असं वाजत होतं की चिखलातून ट्रॉली ओढावी. गाणारा शेताच्या पल्याडच्या बांधावरनं हाक मारल्यासारखा ओरडायचा. मी तसं म्हणाले तर ती पिळलेली चादर झटकत म्हणाली, "ताई, यंत्र चांगलंय. ते असंच आहे. ऐका की जरा." मी ऐकलं. दुसऱ्या शनिवारी न बोलावता गेले.

त्याच दिवसांत आण्णांच्या ढोलांचं प्रकरण चालू होतं.

आमच्या गावच्या जत्रेत पालखीपुढं ढोल-लेझीम असतो. तो खेळ आण्णांच्या हाती आला त्याला बरीच वर्षं झाली. पालखी निघाली की आण्णा पुढं, त्यांच्या टिपरूकडं, म्हणजे ढोलाच्या काठीकडं, बघून बाकीचे. ढोल लाकडी खोडाचे, कातड्याचे. कातड्याऐवजी फायबरची पानं त्यांनी कधी लावू दिली नाहीत. मुली खेळात नसायच्या, पण वाजवणारे कमी पडायला लागले तेव्हा आण्णांनी माझ्या कमरेला ढोल बांधला आणि कुणी काही म्हणायच्या आत चाल धरली. हे गेल्या काही वर्षांतलं. मागच्या जत्रेत मात्र उत्सव कमिटीनं डीजे आणला, आणि आमचे ढोल अर्ध्या वाटेत त्या आवाजाखाली मेले. वाजवत होतो, पण आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

यंदा जत्रेआधी देवळात बैठक झाली. कमिटीचा अध्यक्ष माझा चुलत भाऊ. तो म्हणाला, "आण्णा, राग मानू नका. पण तुमच्या ढोलावर पोरांना नाचता येत न्हाई."

"मग आमी अजून जलद वाजवू," आण्णा म्हणाले.

"गेल्या साली जलदच वाजवलं की. धुणं धुतल्यागत आवाज येत व्हता."

सगळे हसले. आण्णांच्या बरोबरीची माणसंही हसली. आण्णा उठले. घरी येऊन चहा घेताना म्हणाले, "शहरातलं ते ढोलपथक आपले ढोल मागतंय कवापासनं. लाकडाचे म्हनून. जत्रा झाली की देऊन टाकू. तितं वाजतील तरी." आईनं कप तसाच खाली ठेवला. ढोल गेले असते तर आमच्या गावचा खेळ संपला असता, आणि आण्णांचं काय झालं असतं त्याचा मी विचार करत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी वर होते. तबकडी चालू होती. आण्णा टाकीचा कॉक बघायला गच्चीवर चालले होते, ते जिन्यात थांबले. पाना हातात तसाच. दारात येऊन त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि परभणीच्या मुलीला विचारलं, "पोरी, ह्यांनी ढोल ओढला न्हाई का?"

"ढोल कुठंय काका, गिटार आहे ते."

"काय बी असंल. दोरी ढिली हाय त्याची."

मला हसू आलं. ढोल वाजवायच्या आधी दोरी ओढून कातडं ताणतात, त्याला आमच्यात ढोल ओढणं म्हणतात, आणि आण्णांना जगातलं प्रत्येक वाद्य एकतर ओढलेलं दिसतं नाहीतर न ओढलेलं. पण ती मुलगी हसली नाही. तिनं सुई उचलली. "तुम्हाला कसं कळलं? खरंच ढिल्या केल्यात तारा. मुद्दाम. आवाज जड यावा म्हणून."

"मुद्दाम?"

"हो. लोकांनी तेव्हा नावं ठेवली त्यांना. आता मेटल वाजवणारा जो तो यांचंच घेऊन वाजवायलाय."

आण्णांनी पाना खाली ठेवला. "परत लाव," म्हणाले. या वेळी ते आत आले आणि त्यांनी स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवला. ढोल बघायची त्यांची हीच रीत. एकानं एका बाजूला ठोका द्यायचा, आण्णांनी दुसऱ्या बाजूला हात ठेवायचा. कान नंतर. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. मग विचारलं, "कुठली ही पोरं?"

"इंग्लंडची. कारखान्याच्या वस्तीतली."

"मग बराबर हाय." आण्णांनी पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम केलेलं आहे. "मोठा प्रेस असाच पडतो. घाई करत न्हाई. पडला की जमिनीला कळतं."

पाना तिथंच विसरून ते खाली गेले. टाकी संध्याकाळी वाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघते तर सगळे ढोल आडवे आणि आण्णा दोऱ्या सैल करतायत. मी विचारलं, काय चाललंय. ते म्हणाले, "आपन डीजेच्या मागं पळत व्हतो. त्यो जलद, म्हनून आपन जलद. ढोल ओढून ओढून पार पत्र्याचा डबा केला. माझा बाप असा वाजवत नव्हता." मग एका ढोलावर त्यांनी ठोका दिला. मी दोन हात लांब होते. तो ठोका मला पोटात लागला.

तालमी घरामागं, कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी. वाजवणारे आले ते चेष्टा करतच. "आण्णा, ढोलाला ताप आलाय का?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "ताई, दोन ठोक्यांच्या मधी मी घरी जाऊन भाकर खाऊन येतो." दोघंतिघं खरंच आले नाहीत परत. राहिलेल्यांना आण्णांनी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. ठोका पडल्यावर थांबायचं. हात शिवशिवला तरी थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी परीक्षेत पुरवण्यांवर पुरवण्या भरलेली बाई आहे, मला विचारा, हात आवरण्याइतकं अवघड काही नसतं. त्या अल्बममधलं गाणं आम्ही काही ढोलावर बसवलं नाही. लोक तसं समजतात, ते चूक आहे. चाल आमचीच होती, आजोबांच्या वेळची. आम्ही घेतली ती न घाबरण्याची रीत. हळू वाजवलं तर लोक उठून जातील ही भीती त्या चार पोरांना नव्हती, आणि इतक्या वर्षांनी लोक अजून उठून गेलेले नाहीत.

परभणीची मुलगी भिंतीवर बसून ऐकायची. मधेच म्हणायची, "काका, तिसऱ्या ठोक्यावर पळायलेत हे." आण्णा तिचं ऐकायचे. आमच्या चुलत्यांचं त्यांनी कधी ऐकलं नाही. एकदा समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्याच वेगानं वाजवणार असाल तर चालू द्या. आमची आई म्हणते तिला झोप लागते."

ऑफिसात माझ्या शेजारी पुण्यातला एक मुलगा बसतो. शुक्रवारी काळे टी-शर्ट घालतो, त्यावर कवट्या आणि वाचता न येणारी अक्षरं. मी त्याला त्या अल्बमबद्दल विचारलं तर तो खुर्ची फिरवून माझ्याकडं बघतच राहिला. "तुला हे कुठून माहीत? मुळशीत ऐकतात का हे?"

"ऐकतात. वरच्या मजल्यावर. आणि माझे वडील हात लावून ऐकतात."

त्यानं मग डबा खाताना मला सगळी वंशावळ सांगितली, कोणी कुणाकडून काय उचललं ती. त्याच्या कपाटातला प्रत्येक टी-शर्ट फिरून त्याच तबकडीपाशी येतो म्हणाला. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं ऑफिसात मुळशी म्हटलं की लोक एकतर जमिनीचा भाव विचारायचे नाहीतर धरणाचा रस्ता.

जत्रा चैत्रातली. कमिटीनं अखेर मधला मार्ग काढला होता. देवळापासून पारापर्यंत ढोल, पारापासून वेशीपर्यंत डीजे. भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पारापातूर मन भरून घेऊ दे आण्णांना. पुढं मी बगतो." ते त्यानं चांगल्या मनानं सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

उन्हानं कातडं आपोआप ताणतं. म्हणून दुपारभर आम्ही ढोलांवर ओली फडकी घालून बसलो. लोक विचारत होते, ढोलाला आंघोळ घालताय का. दिवस कलला, पालखी उचलली आणि आण्णांनी टिपरू वर केलं.

पहिल्या ठोक्यानंतर इतकी शांतता पडली की कुणीतरी मागनं ओरडलं, "वाजवा की, का झोपलात?" दुसरा ठोका पडला. तिसरा. मला समोरचं काही दिसत नव्हतं, मी फक्त आण्णांचा हात बघत होते आणि माझा आवरत होते. फरक आधी कळला तो पालखीच्या भोयांना. मागच्या वर्षी डीजेपुढं त्यांचे पाय चुकत होते, पालखी हेलकावत होती. आता पाय ठोक्यावर पडायला लागले, सगळ्यांचे एकदम. पालखी पाण्यावर नाव चालावी तशी सरळ चालली. लेझीमवाले खाली वाकले की वर यायला त्यांना वेळ मिळत होता, आणि त्या वेळात लोक श्वास धरून राहायचे. गच्च्यांवर भाडेकरू उभे. नाचत कुणी नव्हतं. सगळे चालत होते, आमच्याबरोबर, आमच्या वेगानं, पोरंसुद्धा.

पार आला. डीजेची गाडी दिवे लावून तयार. रीत अशी की पारावर पालखी टेकवायची, आरती करायची आणि पुढचं वाद्य सुरू करायचं. आरती झाली. पालखी पुन्हा खांद्यावर घेताना पुढच्या दांड्याचा भोई, गावातला सगळ्यात जुना, माझ्या भावाला म्हणाला, "अध्यक्ष, पाय लागलाय आमचा. आता मोडू नका."

भाऊ गाडीकडं बघत होता, पालखीकडं बघत होता. आण्णांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. टिपरू खाली धरून ते उभे होते, कपाळावरचा घामही न पुसता. पारावर ठोका थांबला होता आणि सगळे पुढच्या ठोक्याची वाट बघत होते. भावानं डीजेवाल्याला हातानं थांब म्हणून खुणावलं.

आण्णांनी ठोका दिला.

वेशीपर्यंत आम्हीच वाजवलं. डीजेची गाडी दिवे चालू ठेवून मागनं मुकाट आली. अर्ध्या वाटेत माझ्या खांद्यावर कुणीतरी थाप मारली. आमच्यात वाजवणारा दमला की दुसरा अशी थाप मारून ढोल मागून घेतो. वळून बघते तर भाऊ.

"दे हिकडं. दमलीस तू."

"न्हाई देत," मी म्हणाले. "धुणं धुवायचंय मला."

तो हसला आणि पलीकडच्या पोराचा ढोल मागायला गेला. त्याला चाल येत नव्हती. तिसऱ्यावर पळत होता. पण वेशीपर्यंत सोडला नाही त्यानं.

दोन दिवसांनी शहरातल्या पथकाचा फोन आला. मी शेजारीच ऑफिसची बॅग भरत होते. आण्णांनी समोरच्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न्हाई, ढोल कामात हायेत." मग जरा थांबून, "आणि एक सांगतो, राग मानू नका. तुमी लई ओढता. जरा ढिले करून बघा."

फोन ठेवून ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि वर बघून त्यांनी हाक मारली. त्या दिवशी शनिवार नव्हता, पण पोरीनं तबकडी लावली.