गोधडीतला कॉम्प्युटर

आमच्या घरात सर्वांत थंड डोक्याचा सभासद म्हणजे आमचा कॉम्प्युटर होता. उणे सत्तावीस अंश. हे मी अंदाजाने सांगत नाही. थर्मामीटर लावून मोजलेलं आहे. अंबडच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. मोजल्याशिवाय मी आमटीत मीठसुद्धा घालत नाही. (माझी बायको सुलभा म्हणते, म्हणूनच मला आमटीजवळ फिरकू देत नाहीत.)

सगळं सुरू झालं जावयाच्या एका वाक्याने. आमची मंजू लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्यासह नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या घरी आली. जावई अभिजितराव पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत. त्यांनी माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, चहा घेतला, चिवडा संपवला, आणि पडदा उजळल्यावर अत्यंत नम्रपणे विचारलं, "बाबा, हा चालतो, की याला ढकलावं लागतं?"

मंजू खुदकन हसली. माझी मुलगी! माझ्याच घरात!

त्या क्षणी मी ठरवलं, नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही. हाच पळवून दाखवायचा. इंटरनेटवर वाचलं, तर प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येतं. फक्त तो तापतो. मग त्याला फ्रिजसारखं गार करायचं. कॉम्प्रेसरने गॅस दाबायचा, त्याचा द्रव करायचा, तो प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या टोपीत सोडायचा. तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटर सगळ्या बाजूंनी बघितला.

"साहेब, याच्यात ठेवणार काय? दूध का भाजी?"

"काही नाही. यालाच गार करायचंय."

"आपल्याला काय! तुम्ही म्हणाल त्याला गार करू," असं म्हणून त्यांनी भंगारातल्या एका छोट्या कॉम्प्रेसरला नळी जोडून दिली. हिवाळाभर यंत्र झकास चाललं. पण मे महिन्यात नाशिक तापलं आणि ते दमलं. मोठा कॉम्प्रेसर हवा होता, आणि तो आमच्याच घरात होता: गॅलरीतल्या जुन्या फ्रिजमध्ये.

"अहो, त्यात मी पाणी ठेवते!" सुलभा म्हणाली.

"माठातलं पी. प्रकृतीला चांगलं."

"आणि अधिक महिन्याचं काय? जावई जेवायला यायचेत. पहिलाच अधिक! रस कुठे ठेवू?"

"मोठ्या फ्रिजमध्ये. जागेचा हिशेब केलाय मी."

रफिकभाईंनी कॉम्प्रेसर बदलला आणि नळी लांब केली. राहिला एकच प्रश्न. इतक्या गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, म्हणून तिच्याभोवती रबरी फोम गुंडाळतात. तो काही मिळाला नाही. मी विचार केला, गोधडीत आतली ऊब बाहेर जात नाही, तर बाहेरची ऊबही आत जाणार नाही. तर्क बिनचूक होता! मी माळ्यावरची गोधडी काढली, तिची पट्टी कापली आणि तांब्याच्या टोपीभोवती घट्ट गुंडाळली.

"गोधडी ओली झाली तर?" सुलभाने विचारलं.

"ओली कशी होईल? तिच्यात मी बाळ थोडंच झोपवतोय?"

अधिकाचा दिवस उजाडला. सुलभाने पहाटेपासून अनारसे तळले, चांदीचं निरांजन घासलं, आमरसाचं पातेलं मोठ्या फ्रिजमध्ये ठेवलं. मी सकाळीच कॉम्प्रेसर सुरू केला. घरातले दिवे एकदम मिणमिणले, पंखा विचारात पडला आणि शेजारचे देवरेकाका गॅलरीत आले.

"गिरणी टाकली का हो?"

"कॉम्प्युटर आहे, काका!"

"बाजरी दळतो का?"

मी बाहेर धावलो. कारण फाटकाशी रिक्षा थांबली होती.

जावयांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, अनारशांचं तबक हातात दिलं. सुलभा पानं घ्यायला आत गेली. मला मात्र धीर धरवेना. "अभिजितराव, जेवणाआधी एक गंमत बघा," असं म्हणून मी त्यांना तबकासकट खोलीत नेलं आणि बटण दाबलं.

दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तीन पॉइंट सहावर पळत होता! जावयांच्या हातातला अनारसा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"बाबा! हे खरं आहे?"

"मोजून बघा," मी शांतपणे म्हणालो. आयुष्यात इतका शांत मी एकदाच झालोय.

तेवढ्यात टप् असा आवाज आला. मग टप् टप्. मागोमाग आलेली मंजू वाकून बघायला लागली.

"बाबा, कॉम्प्युटर रडतोय."

गोधडी चिंब झाली होती! सकाळपासून तिने हवेतलं सगळं पाणी पिऊन घेतलं होतं आणि आता ते मदरबोर्डवर सोडत होती. फट्! पडदा काळा झाला. धुराची एक बारीक रेघ वर गेली. मी धावत जाऊन कॉम्प्युटरची पिन उपटली. कॉम्प्रेसर मात्र वेगळ्या पिनेवर होता. तो इमानदारीत घरघरत राहिला.

त्याच वेळी सुलभा पातेलं घेऊन दारात उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला धूर बरा वाटला.

"अहो, फ्रिज सकाळपासून बंद आहे! तुमच्या गिरणीने सगळी वीज खाल्ली. रस कोमट झालाय. आणखी थोड्या वेळात आंबेल. पहिल्या अधिकाला जावयाच्या पानात काय वाढू? तुमचा थर्मामीटर?"

मी जमिनीकडे बघितलं, मंजूने आईकडे. जावई मात्र गोधडी बाजूला करून बर्फाने पांढऱ्या झालेल्या तांब्याच्या टोपीकडे बघत होते.

"आई, स्टीलचा उभा डबा आहे?"

"आहे. का?"

त्यांनी तबक माझ्या हातात दिलं, नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या, टोपी प्रोसेसरवरून सोडवली आणि मऊ तांब्याची नळी हळूहळू वाकवून डब्याभोवती गुंडाळली. टोपी बुडाशी लावली. सुलभाने रस ओतला.

"वरून काहीतरी गुंडाळायला हवं," जावई म्हणाले.

"गोधडी आहे ना!" मंजू, सुलभा आणि भिंतीपलीकडून देवरेकाका एकदमच म्हणाले.

आम्ही पुरणपोळी खाईपर्यंत डब्यातून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. मंजू चमच्याने रस ढवळत होती आणि तो ढवळला जात नव्हता. असं घट्ट, रवाळ आंब्याचं आईस्क्रीम आमच्या घरात कधी झालं नव्हतं. जावयांनी तीनदा मागून घेतलं. देवरेकाका बाजरी विसरून वाटी घेऊन आले. मी थर्मामीटर खुपसणार होतो, सुलभाने हातावर चापट मारली.

प्रोसेसर गेला तो गेलाच. नवा कॉम्प्युटर जावयांनीच आणून दिला आणि तो बिचारा ठरल्या वेगानेच चालतो. जुना मात्र गॅलरीत आहे. दर उन्हाळ्यात पुण्याहून फोन येतो, "बाबा, कॉम्प्युटर चालू करून ठेवा, आंबे घेऊन निघालोय!"

सगळ्या जगाचे कॉम्प्युटर माउसने चालतात. मी बनवलेला तेवढा चमच्याने चालतो.