सून चुकीच्या बाजूला का जाते

सून पुन्हा उंदरांच्या अंगावर गेली.

"मावशी, दार उजवीकडे!" प्रणव खुर्च्यांमधून ओरडला.

"उजवीकडेच नेतेय," मी म्हणाले. आणि हात डावीकडे गेला होता.

शरयूने दोन्ही हातांतले उंदीर खाली घेतले. एकाची शेपटी उसवून लोंबत होती. ती आठवड्यात दुसऱ्यांदा उसवली होती.

मी बाहुल्या नाचवते. शाळा चौथीपर्यंत, नामपूरला. लग्न होऊन नाशिक रोडला आले आणि एका मंडळात बाहुल्यांचे कपडे शिवायला लागले. एकदा एक बाई आजारी पडली म्हणून हात घातला, तो अजून काढलेला नाही. गावोगाव एसटीने जाऊन खेळ केले. आता आमच्या कॉलनीच्या हॉलवर हौशी लोकांचं नाटक चालतं, तिथे करते. प्रणव दिग्दर्शक. नोकरी कंपनीत, नाटक संध्याकाळी. शरयू प्राथमिक शाळेत शिकवते.

खेळ होता दिव्यांच्या अवसेच्या कहाणीचा. सून घरातला खाऊ खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर चिडतात. तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात. सासरचे तिला हाकलतात. पुढे अवसेच्या रात्री गावातले दिवे झाडावर बसून गप्पा मारतात, त्यात तिच्या घरचा दिवा खरं काय ते सांगतो. झाडाखाली थांबलेला राजा, म्हणजे तिचा सासरा, ते ऐकतो आणि सून घरी येते. सून माझी, उंदीर शरयूचे. अवस रविवारी होती. त्या दिवशी निम्मी कॉलनी मटणाच्या रांगेत असते, पण सकाळी अकराला पोरं येतील म्हणून तीच वेळ ठरवली.

हातबाहुली मोज्यासारखी हातात घालतात. पहिलं बोट मानेत, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या हातांत. आपण कापडाआड बसायचं, हात डोक्यावर धरायचा आणि मान वर करून बाहुलीकडे बघायचं. माझ्या मानेचे मणके झिजलेत. वर बघितलं की गरगरतं. म्हणून प्रणवने माझ्या गुडघ्यांसमोर एक टीव्ही ठेवला. समोर खुर्च्यांत कॅमेरा, त्याची वायर टीव्हीला. खेळ लोकांना दिसतो तसा मला खाली मान घालून दिसणार. चांगली सोय होती. त्याच्या चांगुलपणाबद्दल माझी तक्रार नाही.

सोमवारी सगळं नीट झालं. मंगळवारी सून दाराऐवजी उंदरांत. बुधवारी तेच. गुरुवारी पुन्हा नीट, एकही चूक नाही. शुक्रवारी परत उंदरांत.

मला काही कळेना. कायम चुकलं असतं तर म्हातारी झाले म्हणून गप्प बसले असते. पण एक दिवस हात शहाणा आणि दुसऱ्या दिवशी खुळा, हे कसं? गुरुवारी बीपीची गोळी राहिली होती. मी म्हटलं, गोळीनेच होत असेल. म्हणून शुक्रवारी मुद्दाम घेतली नाही. तरी चुकलं, वर डोकं दुखलं. मग स्टूल फिरवून बघितलं. चहा सोडून बघितला. मग उंदरांकडे वळले.

"शरयू, तू माझ्या वाटेत येतेस."

"मी जागेवरून हललेसुद्धा नाही, मावशी."

"हललीस. काल नव्हतीस हलत."

"बरं बाई, हलले," ती म्हणाली आणि शेपटीला टाचणी लावत बसली.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या मागच्या पडद्यावर सुनेच्या घराचं दार रंगवलंय. त्यावर शरयूने लिहिलंय, सुस्वागतम्. टीव्हीत ते मला काही दिवस वाचता यायचं, काही दिवस नाही. जोडाक्षरांशी माझं कधीच जमलं नाही, पण हे लग्नाच्या हॉलवर हजारदा बघितलेलं. तेही लागेना तेव्हा मी घाबरले. माझी मोठी बहीण आधी अक्षरं विसरली. मग चहात मीठ घालायला लागली, मग मुलाला दीर म्हणायला लागली. हात चुकतोय ते सगळ्यांना दिसतच होतं. वाचता येत नाही हे वर कशाला सांगू?

शनिवारी शेवटची तालीम. सुरू करायच्या आधी प्रणव माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"मावशी, राग मानू नका. आज नाही बसलं तर सून शरयू करेल. तुम्ही दिवे धरा. दिव्यांना हलायचं नसतं."

"उंदीर कोण करेल?"

"मी करीन."

"तुला जमणार नाहीत," मी म्हणाले. पण त्याचं चूक नव्हतं. चुकणाऱ्या माणसाला मीही काढलं असतं.

पहिला प्रवेश सुरू झाला. सून उंदरांत. परत केला. परत उंदरांत. तिसऱ्या वेळी टीव्ही काळा झाला. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

"एक मिनिट, मोबाइल लावतो," प्रणव म्हणाला. खुर्चीवर त्याने मोबाइल टेकवला, वायर जोडली. चित्र आलं. "चला, तिथूनच."

सून सरळ दारात गेली.

मी टीव्हीकडे बघितलं. दारावरचं सुस्वागतम् लागत नव्हतं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी लागत होतं.

"थांबा," मी म्हणाले. बाहुली हातातून काढली, चष्मा घातला आणि वळून मागच्या कापडावरची अक्षरं बघितली. ती जशीच्या तशी होती. मग टीव्हीत बघितलं. तिथे सु शेवटी होता आणि त्याचा उकार भलतीकडे वळलेला.

"प्रणव, हे उलटं का दिसतंय?"

"सेल्फी कॅमेरा आहे ना, मावशी. चालू झाला की नाही ते मला स्टेजवरून दिसावं म्हणून स्क्रीन तुमच्याकडे ठेवतो. सेल्फीत सगळं आरशासारखं दिसतं."

"सोमवारी कोणता होता?"

"मोबाइल."

"मंगळवारी?"

"कॅमेरा. बुधवारीही. गुरुवारी तो भावाने नेला होता, म्हणून..." तो बोलता बोलता थांबला.

शरयू उंदरांसकट उठून टीव्हीसमोर आली. "अहो, मग मावशींचं चुकत नव्हतंच. लोकांचं उजवं ते आपलं डावं."

इतकी साधी गोष्ट. मी लोकांकडे तोंड करून बसते. दार माझ्या उजव्या हाताला, म्हणजे समोरच्यांच्या डाव्या. कॅमेरा समोरच्यांचं बघतो, म्हणून टीव्हीत दार डावीकडे. मी दाराकडे जायला हात डावीकडे नेणार आणि तिथे उंदीर. मोबाइल आरशासारखं दाखवतो, म्हणून त्या दिवशी सगळं जागेवर. हात डोळ्यांचं ऐकतो, डोक्याचं नाही. वाचता येत होतं तेव्हा चुकत होतं, आणि वाचता येत नव्हतं तेव्हा बरोबर. मी दोन्हींचा दोष स्वतःला देत होते. उरलेला शरयूला.

"सॉरी, मावशी," प्रणव म्हणाला. "मला सुचायला हवं होतं."

"हवं होतं. उद्या मोबाइलच लाव. आणि मध्येच फोन आला तर?"

त्याने तो फ्लाइट मोडवर टाकला. ते मात्र त्याला सुचलं.

रविवारी हॉल पाऊण भरला. सून पहिल्याच फेरीत दारात गेली. उंदीर तिची चोळी ओढून न्यायला लागले तेव्हा पुढच्या रांगेतली एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "पण तिनेच आधी उंदरांचं खोटं नाव घेतलं होतं!" कापडाआड शरयूने माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात वर, तोंड दाबायला हात नाही. तिचे उंदीर हसण्याने हलत होते. लोकांना वाटलं, चोळी जड असेल.

मी शरयूला सॉरी म्हटलं नाही. उंदीर घरी नेले आणि दोघांनाही नव्या शेपट्या लावल्या. दुहेरी टाका घातला.

एवढ्यातून मला एकच कळलं. मंगळवारी मी "हे मला काल वाचता येत नव्हतं, आज येतंय" एवढं म्हणाले असते, तर बुधवारी तालीम नीट झाली असती.